अकरा नंबरचा बावटा

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

वेधशाळेवरचे विनोद आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहेत. वेधशाळेनं मुसळधार पाऊस सांगितला की छत्री घरी ठेवून निघावं, हा त्यातला बहुधा सर्वांत जुना. मी शाळेत भूगोल शिकवायचो. हवामानाचा धडा आला की वर्गातला एखादा तरी मुलगा हा विनोद सांगायचाच, आणि मीही हसायचो. हसून झालं की मात्र मी एक प्रश्न विचारायचो. उद्याचा पाऊस आज कुठे असतो?

मुलं गप्प व्हायची. मग मागच्या बाकावरून कुणीतरी चाचरत म्हणायचं, "सर, दुसऱ्या गावाला."

उत्तर अगदी बरोबर आहे. उद्या आपल्याकडे येणारं वादळ आज दुसऱ्या कुणाच्या तरी डोक्यावर असतं. ही साधी गोष्ट, पण ती नीट समजायला आणि तिचा उपयोग करून माणसं वाचवायला जगाला दोनशे वर्षांहून अधिक काळ लागला. त्या काळाचीच ही हकिगत आहे.

सुरुवात हवेच्या वजनापासून करू. 'हवेसारखं हलकं' असं आपण म्हणतो खरं, पण आपली दहा बाय बाराची खोली घ्या, दहा फूट उंचीची. त्या खोलीतल्या हवेचं वजन सुमारे चाळीस किलो भरतं. म्हणजे गव्हाचं एक बऱ्यापैकी पोतंच. आता त्या खोलीवर आकाशापर्यंत हवेचे थरच्या थर आहेत, हे लक्षात घ्या. समुद्रसपाटीला प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर हवेचा साधारण एक किलोचा भार असतो. तळहात पसरला तर त्याच्यावर शंभरएक किलो! तो जाणवत नाही, कारण हवा वरून दाबते तशी खालूनही दाबते, सगळीकडून सारखीच.

हे वजन पहिल्यांदा मोजलं गेलं ते इटलीत. तिथल्या विहिरींवर पाणी ओढायचे पंप होते. कारागिरांचा अनुभव असा, की पंप कितीही चांगला केला तरी पाणी दहा मीटरच्या वर काही चढत नाही. गॅलिलिओला हे कोडं पडलं होतं. त्याचा शिष्य तोरिचेल्ली यानं त्यावर एक युक्ती काढली. पाण्याऐवजी त्यानं पारा घेतला, पाण्याच्या साडेतेरा पट जड. एका टोकाला बंद असलेली काचेची नळी पाऱ्यानं भरली आणि पाऱ्याच्याच भांड्यात उलटी धरली. पारा थोडा खाली आला आणि सुमारे शहात्तर सेंटिमीटरवर थांबला. १६४४ सालच्या एका पत्रात त्यानं याचा अर्थ सांगितला. आपण सगळे हवेच्या समुद्राच्या तळाशी राहतो, आणि नळीतला पारा तोलून धरतं ते बाहेरच्या हवेचं वजन, असा तो अर्थ होता.

फ्रान्समध्ये पास्कलनं विचार केला की हा जर खरोखर समुद्र असेल, तर वर चढत गेल्यावर भार कमी व्हायला हवा. स्वतः आजारी, म्हणून त्यानं मेहुण्याला, पेरिए याला कामाला लावलं. १९ सप्टेंबर १६४८ रोजी पेरिए पारा आणि नळी घेऊन पुई द डोम नावाचा डोंगर चढला. वर पारा खालच्यापेक्षा जवळजवळ आठ सेंटिमीटरनं उतरला होता. या प्रयोगातली मला आवडणारी गोष्ट वेगळीच आहे. पायथ्याच्या मठात एक दुसरी नळी ठेवली होती आणि दिवसभर तिच्याकडे पाहत बसायला एका साधूला सांगितलं होतं. दोन ठिकाणी, एकाच दिवशी, दोन नोंदी. हवामानशास्त्राची सगळी रीत त्या एका दिवसात सामावलेली आहे.

पुढे अशा नळ्या श्रीमंतांच्या घरांत आणि जहाजांवर लागल्या. लोकांच्या ध्यानात आलं, की नळी जागची न हलवताही पारा वरखाली होतो. वादळाआधी तर तो झपाट्यानं उतरतो. मग कारागिरांनी पट्टीवर आकड्यांशेजारी 'तुफान', 'पाऊस', 'बदल', 'कोरडी हवा' असं कोरायला सुरुवात केली. तो बॅरोमीटर. पण एकटा बॅरोमीटर म्हणजे दारात भुंकणारा कुत्रा. कुणीतरी येतंय एवढं तो सांगतो. कोण येतंय, कुठून, किती वेळात, हे त्याला सांगता येत नाही.

ते सांगायचं तर दाब आणि वारा यांचं नातं कळायला हवं. पाणी जसं उतारावरून वाहतं, तशी हवा जास्त दाबाकडून कमी दाबाकडे वाहते. कोकणच्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. दिवसा जमीन लवकर तापते, तिच्यावरची हवा हलकी होऊन वर जाते, दाब कमी होतो आणि समुद्रावरून खारा वारा आत येतो. रात्री जमीन लवकर निवते आणि मतलई वारा उलट दिशेनं समुद्राकडे जातो. मतलईवर पहाटे होडी बाहेर काढायची आणि खाऱ्यावर परत आणायची, हे शिडाच्या होडीवरचा तांडेल पुस्तक न वाचताच शिकलेला असे.

पण मोठ्या अंतरावर वारा सरळ जात नाही. इंग्लंडच्या एडमंड हॅलेनं, ज्याच्या नावाचा धूमकेतू आहे त्यानंच, १६८६ मध्ये खलाशांकडून माहिती जमवून समुद्रावरच्या वाऱ्यांचा नकाशा काढला. त्यात आपले मोसमी वारेही होते. वाऱ्याच्या मुळाशी सूर्याची उष्णता आहे हे त्यानं ओळखलं, पण वारे तिरके का वाहतात हे नीट सुटलं नाही. १७३५ मध्ये जॉर्ज हॅडलीनं सांगितलं, की हवेच्या खालची पृथ्वीच फिरते आहे, हे विसरू नका. फिरण्यामुळे वाटेत पडणारं हे वळण गणितानं मांडलं फ्रान्सच्या कोरिओलिसनं, १८३५ मध्ये. उत्तर गोलार्धात वारा आपल्या वाटेच्या उजवीकडे वळतो.

याचा व्यवहारातला नियम हॉलंडच्या बाइस बॅलटनं १८५७ मध्ये दिला आणि तो इतका सोपा आहे, की आपण आत्ता उभे राहून करून पाहू शकता. वाऱ्याकडे पाठ करून उभे राहा. कमी दाब आपल्या डाव्या हाताला असतो.

जुलैमध्ये मुंबईच्या किंवा रत्नागिरीच्या किनाऱ्यावर हे करून पाहा. वारा नैऋत्येचा, म्हणजे पाठ नैऋत्येला, तोंड ईशान्येला. डावा हात कुठे जातो? वायव्येला. तिकडे राजस्थान आणि सिंधच्या तापलेल्या वाळवंटावर उन्हाळ्यात कमी दाबाचा पट्टा तयार होतो, आणि आपला पाऊस आणणारा वारा त्याच्याच ओढीनं येतो. आता पावसाळ्यानंतरचा एखादा दिवस घ्या. आभाळ भरून आलंय आणि आग्नेयेकडून जोराचा वारा सुटलाय. पाठ आग्नेयेला, तोंड वायव्येला, डावा हात नैऋत्येला, म्हणजे थेट अरबी समुद्रात. तिथे काहीतरी शिजतंय, असं समजून होड्या वर ओढायला हरकत नाही.

कमी दाबाचं केंद्र खोल झालं, की चारी बाजूंनी धावणारी हवा वळत वळत त्याच्याभोवती भोवरा धरते. आपल्या गोलार्धात घड्याळाच्या काट्यांच्या उलट. या भोवऱ्याला नाव मिळालं ते आपल्या देशात. कलकत्त्याला हेन्री पिडिंग्टन नावाचे एक इंग्रज अधिकारी होते, पूर्वी स्वतः जहाजावर काम केलेले. बंगालच्या उपसागरातल्या वादळांत सापडलेल्या जहाजांच्या रोजनिश्या ते वर्षानुवर्षं जमवत राहिले. कुठल्या जहाजाला कुठल्या तासाला वारा कुठून लागला, हे नकाशावर मांडत राहिले. १८४८ मध्ये त्यांनी खलाशांसाठी पुस्तक लिहिलं आणि त्यात 'सायक्लोन' हा शब्द घडवला. सापाचं वेटोळं, या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून. पुस्तकासोबत शिंगाच्या पातळ पारदर्शक चकत्या दिल्या होत्या. चकती नकाशावर ठेवायची आणि वादळाचं केंद्र कुठे असेल ते पाहून जहाज दूर न्यायचं.

पिडिंग्टन यांचा एक इशारा मात्र कुणी ऐकला नाही. कलकत्त्याच्या दक्षिणेला मातला नदीवर नवं बंदर बांधायचं घाटत होतं. १८५३ मध्ये त्यांनी गव्हर्नर जनरल डलहौसींना जाहीर पत्र लिहिलं, की चक्रीवादळाबरोबर समुद्राची लाट आत शिरते आणि ही जागा नेमकी तिच्या तोंडावर आहे. पत्र बाजूला पडलं. पोर्ट कॅनिंग उभं राहिलं. १८५८ मध्ये पिडिंग्टन वारले आणि १८६७ च्या वादळानं बंदराची दुर्दशा केली. ते पुन्हा नावारूपाला आलं नाही.

आता वादळाची घडण कळली होती. पण ती कळत होती वादळ होऊन गेल्यावर. जर्मनीत ब्रांडेस नावाच्या प्राध्यापकानं अनेक ठिकाणच्या नोंदी एकत्र मांडून हवामानाचा नकाशा तयार केला. सारख्या दाबाची गावं जोडली की दाबाचे डोंगर आणि दऱ्या नकाशावर दिसतात, हे त्याला उमगलं. त्याचं हे काम प्रसिद्ध झालं १८२० मध्ये, आणि त्यातल्या नोंदी होत्या १७८३ सालच्या! सदतीस वर्षांपूर्वीच्या वादळाचा उत्तम नकाशा. टपाल घोड्यावरून जात होतं आणि वादळ घोड्यापेक्षा वेगानं.

वादळाला मागे टाकलं ते तारायंत्रानं. १४ नोव्हेंबर १८५४ रोजी क्रिमियाच्या युद्धात काळ्या समुद्रातल्या वादळानं इंग्रज आणि फ्रेंच आरमाराची कितीतरी जहाजं बुडवली. फ्रेंच सरकारनं खगोलशास्त्रज्ञ ल व्हेरिए यांना चौकशी करायला सांगितलं. त्यांनी युरोपभरातून त्या दिवसांच्या नोंदी मागवल्या. दिसलं असं, की वादळ आधी पश्चिम युरोपात होतं आणि मग पूर्वेकडे सरकत गेलं. वाटेत कुणी तार केली असती, तर जहाजांना आधी कळलं असतं. उद्याचं वादळ आज दुसऱ्या गावाला होतं!

हे ज्यांनी प्रत्यक्षात आणलं, ते इंग्लंडचे रॉबर्ट फिट्झरॉय. चार्ल्स डार्विनला घेऊन जगप्रवास केलेल्या 'बीगल' जहाजाचे ते कप्तान. १८५४ मध्ये इंग्रज सरकारनं हवामानाच्या नोंदी ठेवण्यासाठी छोटं खातं काढलं आणि त्यावर त्यांना नेमलं. नोंदी ठेवा, एवढंच काम. ऑक्टोबर १८५९ मध्ये 'रॉयल चार्टर' नावाचं जहाज, ऑस्ट्रेलियाहून परतताना घराच्या अगदी जवळ येऊन, वेल्सच्या किनाऱ्यावर वादळात फुटलं आणि साडेचारशेच्या आसपास माणसं गेली. फिट्झरॉय यांना आता नोंदी ठेवून स्वस्थ बसवेना. त्यांनी किनाऱ्यावरच्या ठाण्यांतून रोज तारेनं दाब आणि वारा मागवायला सुरुवात केली. १८६१ च्या फेब्रुवारीपासून बंदरांना वादळाचे इशारे जाऊ लागले. तार आली की बंदरावरच्या काठीवर कापडी शंकू आणि ढोल चढवायचे. शंकूचं टोक वर असेल तर वादळ उत्तरेकडून, खाली असेल तर दक्षिणेकडून. रात्री कंदील. अक्षरओळख नसलेल्या कोळ्यालाही कळावं, अशी ती व्यवस्था होती. त्याच वर्षी १ ऑगस्टला 'टाइम्स' या वृत्तपत्रात त्यांचा हवामानाचा अंदाज छापून आला.

आणि त्याबरोबर विनोदही सुरू झाले. अंदाज चुकला की वर्तमानपत्रं टिंगल करत. शास्त्रज्ञ म्हणत, याला सिद्धांताचा पाया नाही. काही बोटमालक कुरकुरत, की शंकू चढला की खलाशी बंदर सोडत नाहीत आणि धंदा बुडतो. फिट्झरॉय यांची प्रकृती आणि मन दोन्ही ढासळत गेलं. ३० एप्रिल १८६५ रोजी त्यांनी आत्महत्या केली. कारणं अनेक होती, सगळा दोष टिंगलीला देता येणार नाही. पण त्यानंतर जे झालं ते पाहण्यासारखं आहे. सरकारनं समिती नेमली. समितीनं अंदाजांना शास्त्रीय आधार नाही असं ठरवलं आणि १८६६ अखेर बंदरांचे इशारे बंद झाले. ओरड कुणी केली? बंदरांनी, खलाशांनी. दहातले काही इशारे चुकतात हे त्यांना ठाऊक होतं, पण उरलेल्यांनी जीव वाचतो हेही ठाऊक होतं. वर्षभरात इशारे पुन्हा सुरू करावे लागले.

आपल्याकडेही शहाणपण संकटामागूनच आलं. ५ ऑक्टोबर १८६४ रोजी कलकत्त्यावर चक्रीवादळ आलं. हुगळीतून समुद्राची लाट आत शिरली. सुमारे साठ हजार माणसं दगावल्याचा अंदाज आहे. पुढे १८६६ मध्ये ओडिशात भयंकर दुष्काळ पडला. या साऱ्यातून १८७५ मध्ये भारतीय हवामान खातं स्थापन झालं आणि हेन्री ब्लॅनफर्ड त्याचे पहिले प्रमुख झाले. वेगवेगळ्या प्रांतांतल्या वेधशाळा एका पद्धतीनं, एका वेळी नोंदी घेऊ लागल्या. मुंबईची कुलाबा वेधशाळा तर त्याच्या कितीतरी आधीपासून होती.

या खात्याचं मुख्यालय पुढे शिमल्याला गेलं आणि १९२८ मध्ये पुण्याला आलं. शिवाजीनगरच्या 'सिमला ऑफिस' चौकातून पुणेकर रोज जातात. शिमल्याचं ऑफिस इथे आलं, म्हणून ते नाव. त्याच खात्याचे प्रमुख गिल्बर्ट वॉकर यांनी जगभरातल्या दाबाच्या नोंदींची आकडेमोड करून दाखवलं, की पॅसिफिक महासागरावर दाब वाढला की हिंदी महासागरावर तो उतरतो आणि उलटही होतं, एखाद्या झोक्याच्या फळीसारखं. आज आपण 'एल निनो'च्या बातम्या वाचतो, त्यामागे हा झोका आहे. पास्कलच्या मेहुण्याच्या दोन नळ्या होत्या. वॉकर यांच्यासमोर साऱ्या जगातल्या नळ्या होत्या.

मग प्रश्न सुटला का? अर्धा सुटला. २९ ऑक्टोबर १९९९ रोजी ओडिशावर महाचक्रीवादळ आलं. केंद्रातला दाब ९१२ हेक्टोपास्कलपर्यंत उतरला होता. एरवी तो १०१३ च्या आसपास असतो. म्हणजे हवेच्या समुद्रात दहावा हिस्सा खोल खड्डा. दाब एक हेक्टोपास्कल उतरला तर समुद्राचं पाणी साधारण एक सेंटिमीटर वर उचललं जातं, आणि त्याहून कितीतरी जास्त पाणी वारा ढकलत आणतो. सुमारे दहा हजार माणसं गेली. वादळ येतंय हे कळलं होतं, पण ते गावागावांत पोचवून लोकांना हलवण्याची सोय अपुरी होती. चौदा वर्षांनी, ऑक्टोबर २०१३ मध्ये, त्याच राज्यात 'फायलिन' आलं. या वेळी जवळजवळ दहा लाख लोकांना आधीच निवाऱ्यांत हलवलं होतं. मृतांचा आकडा शंभराच्या आत राहिला. दोन्ही वेळा दाब मोजलेला होता. फरक पडला तो मोजलेलं पोचवण्यात.

नोव्हेंबर २०१७ च्या अखेरीस 'ओखी' वादळ उठलं, तेव्हा केरळ आणि तमिळनाडूचे कितीतरी मच्छीमार आधीच खोल समुद्रात होते. मोबाइलच्या टप्प्याबाहेर. इशारा निघाला, पण त्यांच्यापर्यंत गेला नाही. अनेक जण परत आलेच नाहीत. जे वाचले त्यांतले शेकडो जण आपल्या देवगडच्या किनाऱ्याला लागले. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' वादळ श्रीवर्धन-अलिबागच्या बाजूला जमिनीवर आलं. नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या, घरांची छपरं गेली. ते नुकसान भरून यायला एक पिढी लागेल. पण होड्या किनाऱ्यावर होत्या आणि माणसं निवाऱ्यात होती, कारण दोन दिवस आधीपासून सगळ्यांना ठाऊक होतं.

पेपरात आपण वाचतो, 'बंदरांवर तीन नंबरचा बावटा लावला.' हा आपला बावटा फिट्झरॉय यांच्या त्या शंकू-ढोलांच्याच कुळातला. दिवसा आकार, रात्री दिवे. एक आणि दोन नंबर म्हणजे वादळ दूर समुद्रात आहे. तीन म्हणजे बंदरात सोसाट्याच्या वाऱ्याचा धोका. आकडा चढत जातो तसा धोका वाढत जातो आणि दहा नंबर म्हणजे महाभयंकर संकट. पुष्कळांना वाटतं, यादी तिथे संपते. पण एक अकरा नंबर आहे. त्याचा अर्थ असा, की हवामान केंद्राशी संपर्क तुटला आहे, आणि वादळाचा धोका आहे असं बंदरावरच्या अधिकाऱ्याला वाटतं. दहा नंबरला निदान ठाऊक असतं, की काय येतंय आणि कुठून. अकराला काठीवरच्या माणसाजवळ स्वतःच्या डोळ्यांखेरीज काही उरत नाही. तोरिचेल्लीच्या आधीच्या खलाशासारखा तो पुन्हा एकटा पडलेला असतो. ज्यांनी ही यादी केली, त्यांनी दहाच्या पुढचा आकडा त्या अवस्थेसाठी ठेवला.

वेधशाळेवर विनोद जरूर करावेत. मीही करतो. पण किनाऱ्यावर काठीला बावटा चढलेला दिसला, तर मात्र शेजारच्याला सांगून यावं.